आधी तुहा नंबर सांग

घंटी वाजवल्यापासून दार उघडेपर्यंतचा वेळ मला अजून सोसत नाही. पार्सल पोचवायचं काम धरून बरीच वर्षं झाली, भिलाई-दुर्गच्या गल्ल्या पाठ झाल्या, तरी बंद दारासमोर उभं राहिलं की तळहात ओले होतात. आत कोण असेल, कोणत्या आवाजात बोलेल, खोका चेपलेला निघाला तर कुणावर येईल. बायको म्हणते, इतक्या दिवसांत कुणी खाल्लं का तुम्हाला. खाल्लं नाही कुणी. पण बोरसी वस्तीतल्या एका दारात मला पहिल्याच दिवशी असं उलटं तपासलं गेलं की हॉटेलात चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं होतं, आणि पुढं भीती वाटली की मी त्याच दारात जाऊन बसू लागलो. ते दार मेश्राममावशींचं.

मी परभणीकडचा. नववीत होतो तेव्हा वडिलांनी अंथरूण धरलं आणि माझी शाळा सुटली. ओळखीनं ओळख काढत इकडे कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांत लागलो. ठेका संपला, ठेकेदार गेला, मी राहिलो. कॅम्प-१ मध्ये एक खोली, बायको, एक मुलगी. हिंदी बोलत होतो, पण चिखलातून चालल्यासारखी, पाय कुठं टाकावा ते बघत बघत.

पहिल्या दिवशी मी फाटकाबाहेरून ओरडलो, “आंटीजी, पार्सल है. ओटीपी बताइए.”

आतून एक ठेंगणी बाई आली. चष्मा कपाळावर, हातात अर्धी निवडलेली मेथी.

“कौन?”

“डिलिव्हरी.”

“डिलिव्हरी हे काय मानसाचं नाव हाय?” हे मराठीत, बहुतेक मेथीला उद्देशून.

मला इतकं बरं वाटलं की मी भडाभडा मराठीत सुटलो. “रमेश नाव आहे मावशी. तेवढा ओटीपी सांगा, मला लई पुढं जायचंय, उशीर झाला तर वरून फोन येतो.”

“मराठी हायेस? मंग थरथरून कावून राहिला? सांगीन ना नंबर. पन आधी तुहा नंबर सांग.”

“माझा कुठला नंबर?”

“मी तुले नंबर देल्ला. तू मले काय देल्ला? घेतला अन् चालला गेला, त मी कोनाले पुसू?”

मी घाबरून गाडीचा नंबर सांगितला. त्यांनी तो एकेक आकडा सुटा करून परत म्हटला, बाहेर येऊन गाडीवर वाचून पाहिला, मग चष्मा खाली ओढून मोबाइलमधला ओटीपी तसाच सुटा सुटा सांगितला आणि माझ्याकडून परत म्हणवून घेतला. “हं. आता झालं,” म्हणाल्या, आणि मला पाणी दिलं.

हे काय होतं ते मला नंतर कळलं. मावशी दुर्ग लाइनवर रेल्वे फाटकावर गेटवाली होत्या. नवरा गेटमन होता, तो गेल्यावर त्याच्या जागी लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. फाटकावर एक फोन असतो. गाडी सोडायच्या आधी स्टेशन मास्तर त्यावर विचारतो, फाटक बंद? गेटवाली म्हणते, बंद. आणि आपल्याजवळच्या कागदावरचा एक गुप्त नंबर त्याला देते. मास्तर तो परत म्हणतो आणि आपल्या कागदावरचा नंबर तिला देतो. दोघांचे नंबर झाले की बोलणं खरं. वापरलेला नंबर खोडायचा, पुन्हा कधी वापरायचा नाही. “एवढ्यावर आख्खी गाडी जात होती,” मावशी म्हणायच्या. “गाडीतले लोक झोपलेले राह्यत. त्याहिले काय मालूम, कोन कोनाले काय बोललं.”

त्यामुळं ओटीपी हा शब्द आला तेव्हा सगळ्या गल्लीत तो एकट्या मावशींना समजला होता, आणि एकट्या मावशींनाच पटला नव्हता. त्यांचा आक्षेप साधा होता. हा एका बाजूचा नंबर आहे. देणारा देतो, घेणारा काहीच देत नाही.

फोनवरही त्या ‘हॅलो’ म्हणत नसत. “बोरसी, मेश्रामबाई बोलून राहिली,” असं ठिकाण आणि नाव सांगून मग ऐकायच्या. मुलगा म्हणायचा, आई, अनजान आदमी को नाव कशाला सांगतेस. “नाव नाही सांगतलं त समोरचा बी नाही सांगत,” त्या म्हणायच्या.

हा मुलगा, नितीनभाऊ, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. एकुलता एक. त्याचं म्हणणं, आई एकटी राहते तर मला इथून दिसली पाहिजे. नाहीतर घराला कुलूप लाव आणि पुण्याला ये. मावशींचं म्हणणं, बोरसीचं घर सोडणार नाही. सगळं आयुष्य रेल्वेच्या क्वार्टरांत गेलं, जिथं भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी जीव कचरतो. हे घर पहिलं त्यांचं. दोन खोल्या, गच्ची, मागं नळ. शेवटी मायलेकांचा तह झाला. मावशी राहतील, पण नितीनभाऊ पाठवतील ते यंत्र ठेवून घेतील. आणि एक जरी गडबड झाली तर वाद न घालता पुणे.

त्या तहाचा सगळा माल माझ्या पाठीवरून आला.

“आलं का रे तुहं वऱ्हाड?” मला खोका घेऊन उतरताना पाहून त्या म्हणायच्या. खोका माझ्यासमोर उघडायचा हा नियम. चिकटपट्टी नखानं सोडवायची, फाडायची नाही, म्हणजे परत पाठवायला बरं. आतली प्लास्टिकची पिशवी तशीच राहू द्यायची. मग वस्तू ओट्यावर ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि विचारायचं, “लाइट गेल्यावर हिचं हँडल कुठं हाय?”

रेल्वेच्या फाटकाला पुढं मोटर आली होती म्हणे, बटण दाबलं की दांडी खाली. पण वीज गेली तर हातानं फिरवायला बाजूला हँडल असायचंच. मावशींच्या लेखी ज्या वस्तूला हँडल नाही ती अर्धी वस्तू. बोलणारा स्पीकर आला, हँडल नाही. मोबाइलवरून लागणारा दिवा आला, तर त्याचं बटणच निकामी. फरशी पुसणारी वाटोळी गाडी आली, ती पहिल्याच दिवशी दिवाणाखाली जाऊन अडकली आणि तिथून रडू लागली. मावशींनी गुडघे टेकले, झाडूनं तिला बाहेर ओढली आणि मला म्हणाल्या, “पाह्यलं? हिले काढाले मलेच झाडू घेऊन घुसा लागते. मंग झाडू काय वाईट होता?”

दिव्याचं वेगळंच. नितीनभाऊ ऑफिसातून आईची आठवण आली की तो दिवा लावायचे. भर दुपारी समोरच्या खोलीत उजेड पडायचा. त्यांच्या मनात ते लाडाचं असावं. मावशी दचकायच्या. एकदा मी पाणी पीत असताना दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मावशी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिल्या. “पुण्याहून माह्या घरची लाइट कोन लावते, ते त मालूम हाय,” म्हणाल्या. “पन उद्या दुसऱ्या कोनं लावली त मले कसं समजन?” रात्री माझ्या खोलीतला साधा बल्बही मी जरा जास्त वेळ पाहिला.

स्पीकरवर त्यांनी टॉवेल घातला होता. विहारातल्या बायका बचतगटाचं बोलायला आल्या की तो टॉवेलासकट उचलून बाहेर पायरीवर ठेवायच्या, लहान पोराला बाहेर खेळायला पाठवतात तसा.

पण सगळ्याच नव्या वस्तूंशी त्यांचं वाकडं नव्हतं. चार्जिंगची बॅटरी त्यांना फार आवडायची, उशाशी असायची. रक्तदाब मोजायचं यंत्र त्यांनी स्वतः मागवलं होतं. “हे चांगलं हाय. पुसल्याबिगर बोलत नाही.” नातीचा व्हिडिओ कॉल आला की चष्मा पुसून, पदर नीट करून बसायच्या, आणि कॉल संपला तरी काही वेळ काळ्या काचेकडं बघत राहायच्या.

आणि फोनवरून काहीबाही विकणाऱ्यांना त्यांच्याएवढं कुणी ओळखत नसेल. एकदा एका पोरीचा फोन आला, साखरेत घोळलेला आवाज, मॅम तुमच्यासाठी कार्ड अगदी मोफत. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, “बेटा, फुकट है तो तुम रख लो. तुम्हारे काम आएगा.” फोन ठेवून मला म्हणाल्या, “गोड बोलनारा आला का मले पहिले फाटक लावाव वाटते.” मी हे वाक्य घरी बायकोला सांगितलं. वाटायचं, दुनिया बुडाली तरी या बाईला कुणी फसवणार नाही. मी भित्रा माणूस. असं एक माणूस ओळखीचं असलं की गाडी चालवताना धीर राहतो.

माझ्यासाठी त्यांनी जे केलं ते सांगायला हवं. स्मृति नगरमधल्या एका गिऱ्हाइकानं तक्रार केली की पार्सल पोचलंच नाही. मी दिलं होतं, त्यांच्याच माळ्याच्या हातात. दुसऱ्या सकाळी मोबाइल उघडला तर माझं खातं बंद. तांबड्या अक्षरांत एक ओळ: तुमच्या प्रकरणावर विचार सुरू आहे. कोण विचार करतंय, कुठं बसून, काही नाही. गोदामातला मुकादम म्हणाला, हमारे हाथ में कुछ नहीं, सिस्टम ने किया है. बायकोला सांगायची हिंमत होईना. मी नेहमीसारखी पाठीवर रिकामी बॅग घेऊन निघालो आणि बोरसीत मावशींच्या पायरीवर जाऊन बसलो.

“कोनत्या साहेबाले भेटाचं हाय?” त्यांनी विचारलं.

“साहेब नाही मावशी. सिस्टम आहे.”

“सिस्टमले बी साहेब असनच ना. आन तो फोन.”

त्यांनी गिऱ्हाइकांच्या तक्रारीचा नंबर लावला, मोबाइल एका पालथ्या पातेल्यावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून यंत्रातली बाई बोलली, हिंदी के लिए दो दबाएँ. मावशींनी दोन दाबलं आणि सांगितलं, “बोरसी, मेश्रामबाई.”

“कृपया अपनी समस्या कम शब्दों में बताएँ.”

“आदमी.”

“माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई.”

“नहीं समझी तो जिसको समझता है उसको दे, बाई.”

मग गाणं वाजू लागलं. मावशींनी चहा टाकला. गाणं थांबलं, बाई पुन्हा आली, पुन्हा तेच झालं. मावशींनी भाजी चिरली. मी पायरीवर घामाघूम, आणि त्या मात्र फाटकावर मालगाडीची वाट बघत बसल्यासारख्या निवांत. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा पलीकडून एक खरी मुलगी बोलली, थकलेली, मागं गलका. मावशींनी तिचं नाव विचारलं, जेवली का विचारलं. मग म्हणाल्या, “मेरा पार्सलवाला कहाँ गया? रमेश. दूसरे को मैं नंबर नहीं देती, सब सामान वापस करूँगी.” आणि माझी सगळी हकीकत तिला सांगून परत म्हणवून घेतली.

दोन दिवसांनी खातं सुरू झालं. त्या फोनामुळं की आपोआप, मला माहीत नाही. मी त्या फोनामुळंच धरतो. बायकोला ही गोष्ट पुष्कळ पुढं सांगितली, तर ती म्हणाली, मावशींना पुरणपोळी नेऊन द्या. नेली. मावशींनी खाऊन सांगितलं, “गोड लय टाकते तुही बायको. पन मन लावून करते.”

मग घड्याळ आलं.

माणूस पडला तर ते ओळखतं आणि घरच्यांना कळवतं, असं घड्याळ. नितीनभाऊंनी मला फोन करून सांगितलं, “दादा, ये ज़रा आईला नीट घालून द्या. झोपतानाही काढायचं नाही म्हणा. मैं यहाँ से क्या करूँ, बताओ. रात को नींद नहीं आती.” त्यांचा आवाज ऐकून मला वाटलं, हाही माझ्यासारखाच आहे. घंटी वाजवून दाराबाहेर उभा, फक्त फार लांब.

मावशींनी घड्याळ घातलं. हँडलचं काही विचारलं नाही, कारण पोराचा आवाज त्यांनीही ऐकला होता.

थंडीतल्या एका सकाळी मी स्मृति नगरात होतो. नितीनभाऊंचा फोन आला. “दादा, आई गिर गई. घड्याळानं सांगितलं. फोन उचलत नाहीये. आप कहाँ हो?” मी हातातलं पार्सल तसंच बॅगेत कोंबलं. त्या रस्त्यानं मी कसा गेलो ते मला आठवत नाही. डोळ्यांसमोर सारखी मागच्या नळाजवळची ओली फरशी येत होती. पोचलो तर फाटकाला आतून कडी, बाहेर पाच-सहा माणसं, आणि शेजारचे साहूजी लुंगी खोचून भिंतीवर चढलेले.

तेवढ्यात गच्चीवरून मावशी वाकून बघू लागल्या. हातात काठी. “काय झालं? कोन मेलं?”

त्या गादी धोपटत होत्या. ऊन चांगलं होतं म्हणून गादी कठड्यावर टाकून काठीनं झोडपत होत्या, आणि घड्याळाला वाटलं की त्या पडल्या. त्यानं विचारलंही होतं म्हणे, बऱ्या आहात का. पण चष्मा खाली, मोबाइल स्वयंपाकघरात. लोक खूप हसले. साहूजींना भिंतीवरून उतरवायला स्टूल आणावं लागलं. मावशी हसल्या नाहीत. खाली येऊन त्यांनी फोन घेतला. पलीकडे नितीनभाऊ रडत होते. “हाव ना बाबू, चांगली हाय मी. काहीच नाही झालं. नाही काढत. नाही काढत मनलं ना.”

ही गडबड धरायची की नाही यावर मायलेकांत थोडं झालं, आणि नितीनभाऊंनी ती धरली नाही. पण मला त्या दिवसानंतर मावशींचं वागणं बघवेना. त्यांनी गादी धोपटणं सोडलं. मिरच्या कुटताना बत्ता अलगद ठेवू लागल्या. विहारात टाळी वाजवायची वेळ आली की घड्याळाचा हात पदरात धरायच्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, “त्याले वाटन मी पडली. मंग तिकडं पोरगं मरते भेवानं.” आयुष्यभर दणदण चाललेली बाई, एका घड्याळाची समजूत राखण्यासाठी हळू चालू लागली.

ज्या दुपारी ते घडलं तेव्हा मी गोदामात होतो. मावशींच्या नावानं मला मेसेज आला: बेटा मैं हॉस्पिटल में हूँ, अर्जेंट है, आप कुछ भेज दो. मी वाचूनच उठलो. मावशी मला कधी बेटा म्हणत नसत, पोट्ट्या म्हणायच्या. आप तर जन्मात नाही. हे मला कळत होतं, तरी गेलो.

मावशी पायरीवर बसलेल्या. मोबाइल टॉवेलात गुंडाळून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलेला.

“माह्या नावानं दुसरंच कोनी बोलून राहिलं, रमेश,” म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. दुपारी डोळा लागला होता. फोन वाजला. पलीकडे एक पुरुषाचा आवाज, कोरडा, थकलेला, दुसऱ्या कुणाशी तरी बोलता बोलता मधेच यांच्याकडे वळल्यासारखा. मॅम नाही, नमस्ते नाही. नुसतं, “हाँ, नंबर बोलिए.”

“असा कोनीच बोलत नाही आता,” मावशी म्हणाल्या. “सारे गोड बोलतेत. हा तसा बोलला, जसा दुपारच्या पाळीले आमचा मास्तर बोलत होता. मी उठून बसली. मोबाइलमंदी नंबर येऊन पडला होता. बोलली. एक एक आकडा बोलली. त्यानं परत म्हटला. बरोबर म्हटला. मंग मी थांबली.”

“कशाला थांबलात?”

“त्याच्या नंबरासाठी. म्हटलं आता तो आपला देईन. अन् फोन कटला. तवाच समजलं मले.”

तेवढ्या वेळात त्या नंबरानं मावशींचं मेसेजचं खातं उघडून त्यांच्या नावावर कुणीतरी बसलं होतं, आणि त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांकडे, बचतगटाच्या बायकांकडे, गोंदियाच्या म्हाताऱ्या चुलतबहिणीकडे, त्यांच्या नावानं हात पसरत होतं. बहिणीनं रडून गाव गोळा केलं होतं. मी मावशींना म्हटलं, तुम्ही बसा, मी बघतो. त्या बसल्या नाहीत. चपला घालून गल्लीतल्या घराघरापुढं गेल्या, आणि प्रत्येक दारात एकच सांगितलं, “ते मी नोहो. माहं बोलनं नोहोय ते.” मी मागं मागं चालत होतो. दारं उघडत होती, लोक म्हणत होते, अरे आंटी, हमको पता है. मावशींना ते पुरत नव्हतं. त्या पुढच्या दाराकडं वळायच्या.

नितीनभाऊ विमानानं रायपूरला उतरून आले. मी मोठ्या बोलाचालीची तयारी ठेवून गेलो होतो. बघतो तर ते आईच्या पायाशी फरशीवर बसलेले.

“आई, होता है यार. माझ्या ऑफिसात मॅनेजरनं दिला ओटीपी. मी काही म्हटलं का तुला? अकाउंट वापस आलं ना? तू राह इथं. मी फक्त एक छोटा कॅमेरा…”

“नाही.”

“बरं, कॅमेरा नाही. झालं?”

“तसं नाही म्हनून राहिली मी. चाल. पुण्याले चालतो आपन.”

नितीनभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. इतके दिवस ते जे मागत होते ते मिळत होतं आणि त्यांचा चेहरा काहीतरी हरवल्यासारखा झाला होता.

“गेटवर चूक झाली त काय करतेत, मालूम हाय ना तुले?” मावशी म्हणाल्या. “गाडी ठोको का न ठोको. पहिले त्याले गेटवरून उतरवतेत. मंग चौकशी. मानूस चांगला होता, झोपेत होता, ते सारं मंग. पहिले उतर.”

“आई, हे घर आहे तुझं. गेट नाही.”

“मले एकच काम येत होतं, बाबू. कोनाले नंबर द्याचा अन् कोनाले नाही. आता तो फोन पुन्हा वाजला त मी काय करीन, याचा मलेच भरोसा नाही.”

मला राहवेना. मी म्हटलं, “मावशी, रोज शिकलेली माणसं देतात ओ. आमच्या गोदामात रोज ऐकतो मी.”

“त्याहिचं ते काम नोहोतं,” त्या म्हणाल्या.

आवाज जराही चढला नव्हता. मला वाटत होतं नितीनभाऊंनी भांडावं, नाही म्हणावं, फाटकाला आडवं पडावं. त्यांनी आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मी उठून मागं गेलो आणि उगाच नळ घट्ट केला.

घर बंद करायला फार दिवस लागले नाहीत. यंत्रं सगळी आपापल्या खोक्यांत गेली. खोके जपलेलेच होते. निघण्याआधी मावशी माझ्या खोलीवर येऊन गेल्या. मुलीला शाळेत कितवीत आहे ते विचारलं, बायकोला सांगितलं, “हा लय भेतो. याले घरी आल्यावर पहिले जेऊ घालत जा, मंग बोलत जा.” बायको अजून ते पाळते.

पुण्यात त्या एक हिवाळा आणि एक उन्हाळा राहिल्या. फोनवर म्हणायच्या, सारं बरं हाय, सून चांगली हाय, खाली बाग हाय. मी मुद्दाम विषय काढायचो, तिथं तर बोलणारी लिफ्ट असेल, दार मोबाइलवर उघडत असेल. “हाय काईतरी,” एवढंच म्हणायच्या. एकाही वस्तूला त्यांनी काही विचारल्याचं मला कधी कळलं नाही. मग एक दिवस नितीनभाऊंचा फोन आला. झोपेतच गेल्या. मेसेज पाठवून भागलं असतं. त्यांनी फोन लावला, आधी आपलं नाव सांगितलं, आणि मग सांगितलं.

मला अजून मावशी दिसतात त्या पुण्याला निघाल्या त्या दिवशीच्या, दुर्ग स्टेशनावरच्या. सकाळची गाडी होती. सामान मी आणि नितीनभाऊंनी चढवलं. मी खाली उतरलो आणि त्यांची खिडकी शोधत गेलो. एसी डब्याची जाड, काळसर काच. वरून ऊन पडलेलं, त्यामुळं आधी मला माझंच तोंड दिसलं. दोन्ही हातांचा आडोसा करून काचेला कपाळ लावलं तेव्हा आतल्या मावशी दिसल्या. त्यांनीही मला पाहिलं आणि बोलायला लागल्या. जा, ये, असलं नव्हतं ते. लांब काहीतरी सांगत होत्या, सावकाश, एक बोट वर करून, मधेच थांबून, पुन्हा. ओठ हलत होते आणि मला एक अक्षर येत नव्हतं. मोबाइल त्यांच्या मांडीवर होता. माझा खिशात होता. त्यांनी उचलला नाही, मीही काढला नाही.

बोलून झाल्यावर त्या थांबल्या. नंबर परत म्हणायची वाट बघायच्या तशा माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

मी मोठ्यानं “हो” म्हटलं. शेजारून जाणारा हमाल वळून बघू लागला. काय कबूल करतोय ते मला माहीत नव्हतं, मी मान हलवली, पुन्हा हलवली. मावशींनी मला नीट बघून घेतलं. मग सीटला पाठ टेकली, आणि गाडी हलली.